जुना रिसीव्हर, नवा स्पीकर : आधी ओहम पाहा
१९७०च्या दशकातला स्टिरिओ रिसीव्हर घरात असेल, तर स्पीकर जोडण्याआधी त्याच्या मागे लिहिलेले वाचा. ‘८ ओहम’ असेल तर ४ ओहमचा स्पीकर लावू नका. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट : १६ व्होल्टला ८ ओहममधून २ अँपिअर, ४ ओहममधून ४. आवाज मोठा ठेवला की आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जळतो. तसा जुना ट्रान्झिस्टर आता सहज मिळत नाही.

एकाच चॅनेलला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तरी ४च होतात. एकापुढे एक जोडले तर १६.

आकडा पुसला असेल तर तारा सोडवून मल्टिमीटर लावा. ८चा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४चा ३ ते ३.५. एवढे पाहिले तर मशीन वाचेल, पैसेही वाचतील.