पाचव्या पिढीचे पिस्तूल

दिवाळीत शेजारच्या अण्णांकडे त्यांचा नातू आला होता. अण्णा फौजदार म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. नातू आठवीत. मोबाईलवरच्या खेळांमुळे जगातल्या यच्चयावत बंदुकांची नावे त्याला तोंडपाठ. फराळाचे ताट मांडीवर घेऊन त्याने आजोबांना विचारले, ‘‘आजोबा, तुमच्याकडे ग्लॉक होते का? कितव्या जनरेशनचे?’’ अण्णांनी तोंडातला चिवडा संपवला आणि म्हणाले, ‘‘माझ्याकडे वेब्ली होते. सहा गोळ्यांचे. जनरेशन म्हणशील तर माझ्या वडिलांच्या.’’ त्यावर नातवाने आजोबांकडे ज्या नजरेने पाहिले ती माझ्या ओळखीची होती. माझी मुलगी माझ्या मोबाईलकडे त्याच नजरेने पाहते.

मी शस्त्रांचा जाणकार नव्हे. पण त्या पोराचा प्रश्न डोक्यातून जाईना. नव्या पिढीचे पिस्तूल जुन्यापेक्षा चांगले असते म्हणजे नेमके काय असते? मिक्सर पाट्यापेक्षा बरा हे घरातली बाई अनुभवाने सांगू शकते. पिस्तुलाचा अनुभव आपल्यापैकी कितीजणांना? मग बरेच वाचले, अण्णांना बरेच पिडले, आणि जे हाती लागले ते थोडे अनपेक्षित निघाले.

तसे पिस्तूल मराठी घराला अगदीच परके नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. सावरकरांनी लंडनहून चोरतळाच्या पेटीतून वीस पिस्तुले पाठवली होती ही कथा आपण शाळेत ऐकलेली असते. ती पिस्तुले ‘ब्राऊनिंग’. या नावामागे कोणी माणूस असेल असे मला लहानपणी कधी वाटले नव्हते. जॉन ब्राऊनिंग हा अमेरिकेतल्या यूटा प्रांतातल्या एका बंदूक-कारागिराचा मुलगा. गोळी सुटताना मागे बसणारा धक्का वाया का घालवायचा, असा प्रश्न त्याला पडला. त्याच धक्क्याने वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाईड, मागे सरकवायची, रिकामे काडतूस बाहेर फेकायचे आणि येताना नवे आत ढकलायचे. त्याने केलेले १९११चे पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९८५पर्यंत अधिकृत म्हणून वापरले. दोन महायुद्धे, कोरिया, व्हिएतनाम, सगळे त्यात आले. १९२६ मध्ये बेल्जियममधल्या कारखान्यात काम करता करताच ब्राऊनिंग वारला. त्याचे अर्धवट राहिलेले पिस्तूल दुसऱ्या एका अभियंत्याने पुरे केले व ते १९३५ मध्ये ‘हाय पॉवर’ नावाने आले. तेरा गोळ्यांचे. आपल्या लष्कराने वर्षानुवर्षे वापरलेले ईशापूरच्या कारखान्यातले नऊ मिलिमीटरचे पिस्तूल हे त्याचेच भारतीय भावंड.

आता ग्लॉक. गास्टन ग्लॉक हे ऑस्ट्रियातले एक कारखानदार. पडद्यांच्या दांड्या, लष्करासाठी सुऱ्या असला त्यांचा माल. पिस्तूल त्यांनी आयुष्यात कधी केले नव्हते. १९८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवे पिस्तूल हवे होते आणि पन्नाशीतल्या या गृहस्थांनी वर्षा-दोन वर्षांत ते करून दाखवले. पहिले नमुने ते डाव्या हाताने झाडून बघत, म्हणजे फुटलेच तर आराखडे काढायला उजवा हात शिल्लक राहावा, असे सांगतात. खरे असो वा नसो, मला ती गोष्ट आवडते. १९८२ मध्ये लष्कराने ते स्वीकारले. मूठ आणि सांगाडा प्लॅस्टिकचा, सुटे भाग जेमतेम चौतीस, पोटात सतरा गोळ्या. १९११चे पिस्तूल सुमारे अकराशे ग्रॅमचे आणि त्यात गोळ्या सात. हे रिकामे असताना साडेसहाशे ग्रॅमच्या आतबाहेर. अमेरिकेत त्यावर केवढा गहजब झाला! प्लॅस्टिकचे पिस्तूल विमानतळावर यंत्राला दिसणारच नाही, असा ओरडा. नळी आणि स्लाईड पोलादाची होती, सबब ते दिसतच होते. पण म्हणून ओरडा थांबला नाही आणि १९८८ मध्ये यंत्राला न दिसणाऱ्या शस्त्रांविरुद्ध तिथे कायदाही झाला.

ही खरी उडी. कोणी विचारले तर नवे जुन्यापेक्षा सरस ठरले ते इथे, असे मी सांगेन. हलके झाले, साधे झाले, चिखलापाण्यात चालू लागले. तरीही गोळी सुटल्यावर नळीचे मागचे टोक किंचित खाली झुकते आणि स्लाईडपासून सुटते, ती युक्ती ब्राऊनिंगचीच. ती काही कोणाला सुधारता आली नाही.

पुढच्या पिढ्यांची कथा मात्र शिंप्याच्या दुकानात शोभावी अशी आहे. १९८८ मध्ये दुसरी पिढी आली, ती मुठीवर खरखरीत चौकटी घेऊन, कारण घामेजल्या हातातून गुळगुळीत प्लॅस्टिक निसटते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिसरी आली. तिच्या मुठीवर बोटे बसवायला खाचा होत्या आणि पुढे दिवा अडकवायला पट्टी. खाचा दिसायला झकास. पण खाच कारखान्यात पडते आणि बोटे आईबापांकडून येतात. ज्याची बोटे आखूड किंवा जाड, त्याचे बोट नेमके खाचेच्या उंचवट्यावर. २०१० मध्ये चौथी आली. तिच्या मुठीला मागून लहानमोठे तुकडे बदलून बसवता येऊ लागले आणि मॅगझिन सोडण्याचे बटण डावखुऱ्यांसाठी फिरवता येऊ लागले. २०१७ मध्ये पाचवी पिढी आली आणि तिने काय केले? वीस वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकाने पाडलेल्या खाचा बुजवून टाकल्या.

याला सुधारणा म्हणायचे का? मी तर म्हणेन, होय. चूक मागे घेणे हीही सुधारणाच, आणि कारखानदारांना ती सहसा जमत नाही. डावखुऱ्यांची सोय तर मला मनापासून पटली. आमच्या घरात एक डावखुरा होता. त्याला लहानपणी जेवताना हातावर चापट्या खाव्या लागल्या. पाचव्या पिढीत स्लाईड सोडण्याचा खटका दोन्ही बाजूंना आला. पण नळीच्या आतले आटे बदलल्यामुळे नेम अधिक अचूक झाला, हे जे सांगितले जाते ते मोजणाऱ्या यंत्राला कळत असेल. घाबरलेल्या शिपायाच्या थरथरत्या हाताला ते कळेल असे मला वाटत नाही.

नवे आले की नवी दुखणीही येतात. चौथ्या पिढीत धक्का कमी व्हावा म्हणून दुहेरी स्प्रिंग घातली आणि त्या पायी कंपनीला २०११ मध्ये गिऱ्हाइकांना स्प्रिंगा बदलून द्याव्या लागल्या. खेळातले उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले. टोकियोत २०२१ मध्ये मनू भाकरच्या हातातले हवेचे पिस्तूल, विजेवर चालणाऱ्या चापाचे, ऐन फेरीत बिघडले. मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. तीच मुलगी २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदके घेऊन आली.

पण या साऱ्यात मला सर्वांत बोलकी वाटली ती अमेरिकेच्या एफबीआयची कथा. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत तिचे दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला नऊ मिलिमीटरची गोळी सुरुवातीलाच लागली होती, पण ती हृदयापाशी पोचण्याआधीच थांबली आणि तो लढत राहिला. त्याच्याजवळ रायफल होती, अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांजवळ रिव्हॉल्व्हर, ही गोष्ट बाजूला राहिली आणि दोष गोळीवर आला. मग दहा मिलिमीटरची गोळी आणली. तिचा धक्का अनेकांच्या मनगटाला झेपेना. मग १९९० मध्ये तिचे आखूड भावंड आले, पॉइंट चाळीसचे, आणि देशभरच्या पोलिसांनी ते उचलले. २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने निष्कर्ष काढला की आता गोळ्याच इतक्या सुधारल्या आहेत की नऊ मिलिमीटर पुरेशी आहे. तिचा धक्का कमी, म्हणून माणसाचा नेम चांगला लागतो. अठ्ठावीस वर्षे फिरून स्वारी पुन्हा घरी. त्या नऊ मिलिमीटरसाठी बनवलेल्या ग्लॉकमधूनच पाचवी पिढी जन्मली.

मी हे सगळे अण्णांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. ‘‘गोळी बदलणे सोपे असते हो,’’ एवढेच म्हणाले.

न्यूयॉर्कचे पोलीस १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलाकडे वळले. चुकून गोळी सुटू नये म्हणून त्यांनी चाप मुद्दाम जड करून घेतला. नेहमी अडीच किलोच्या ओढीने सुटणारा चाप तिथे पाच किलोंहून जास्त जोर मागे. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका खुन्यावर दोन शिपायांनी मिळून सोळा गोळ्या झाडल्या. खुनी मेला. रस्त्याने जाणारे नऊजण जखमी झाले, आणि ते सगळे पोलिसांच्या गोळ्यांनी किंवा गोळ्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी. पिस्तुले नव्या जमान्यातलीच होती. जड चाप ओढताना हात हलतो, असे जाणकारांचे म्हणणे. सकाळच्या गर्दीच्या फुटपाथवर माणूस किती स्थिर राहू शकतो, हाही प्रश्न आहेच. पिस्तुलात सहाऐवजी सतरा गोळ्या मावू लागल्या ही सुधारणा पिस्तूल धरणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर निर्विवाद आहे. फुटपाथवरून चाललेल्या माणसाच्या बाजूने ती कोणी मोजलेली मला दिसली नाही.

आणखी एक गोष्ट पहिलीपासून पाचवीपर्यंत एकाही पिढीत बदलली नाही. साफसफाईसाठी ग्लॉक उघडायचे तर आधी चाप ओढावा लागतो. मॅगझिन काढले, आता काय, रिकामेच आहे, असे समजून माणूस चाप ओढतो आणि नळीत राहिलेली एक गोळी सुटते. अशा अपघातांत बोटे गेली आहेत, मांड्या फुटल्या आहेत, जीवही गेले आहेत. वेगळा सेफ्टीचा खटका नाही, चापावर बोट ठेवले तरच गोळी सुटेल, हेच या पिस्तुलाचे मोठेपण. आणि धोकाही तोच. त्यावर कारखान्याचे उत्तर एकच राहिले : आधी नळीत डोकावून पाहा. गास्टन ग्लॉक २०२३ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले तोवर ते उत्तर बदलले नव्हते.

आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीनंतर नव्या शस्त्रांची मागणी झाली आणि ती रास्तच होती. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन रायफलीला सामोरे गेले. त्या माणसाला जुने पिस्तूल की नवे, हा प्रश्न विचारण्याचीही आपली लायकी नव्हती. म्हणून खरेदीला माझा विरोध नाही. घ्या, उत्तमातले उत्तम घ्या. फक्त पिस्तुलाबरोबर सरावाच्या काडतुसांचे पैसे वेगळे काढून ठेवा आणि पिस्तूल किती घेतले याबरोबर प्रत्येक शिपायाने वर्षात किती गोळ्या झाडल्या, हेही विधिमंडळात सांगा. अण्णांच्या नोकरीत वर्षाकाठी मोजून गोळ्या मिळत, त्याही बंदोबस्त आडवा आला की राहून जात. वेब्लीतून त्यांनी माणसावर एकदाही गोळी झाडली नाही. सरावात किती झाडल्या, तर म्हणाले, ‘‘सगळ्या मिळून एका दिवाळीच्या टिकल्या होतील.’’

नातू परत जायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात टिकल्यांचे पिस्तूल घेऊन उडवत होता. नवे होते, लाल प्लॅस्टिकचे, आवाज मोठा. अण्णांनी ते मागून घेतले. आधी उघडून आतल्या टिकल्या काढल्या, मग आत बोट घालून पाहिले आणि तोंड जमिनीकडे धरून त्याच्या हातात परत दिले. पोरगा म्हणाला, ‘‘आजोबा, हे खोटे आहे.’’

‘‘माहीत आहे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आता तू उघडून बघ.’’