भिंतीची ओल आणि आपला जीर्णोद्धार



पावसाळा तोंडावर आला की आपल्या गप्पा पापड-कुरडयांचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि उन्हात घालायच्या गाद्यांभोवती फिरतात. हरिहरेश्वरला राहणारीला तर हे सांगायलाच नको. समुद्राची खारी हवा, जांभ्याच्या भिंती आणि चार महिने न थांबणारी झड. चपलेपासून पोथीच्या पुठ्ठ्यापर्यंत सगळ्यावर बुरशी चढते. आज मात्र घरातल्या नव्हे, मंदिरातल्या भिंतींविषयी लिहिते आहे.

आपल्या जुन्या मंदिरांत भिंतींवर चित्रे असतात. मातेची सोळा स्वप्ने, समवसरण, नेमिनाथांची वरात, शिखरजी आणि गिरनारचे देखावे. आपल्या आज्यांना यांतल्या कित्येक कथा वाचता येत नव्हत्या, त्या त्यांनी भिंतीवरच पाहून पाठ केल्या. आता ही चित्रे काळवंडतात, पोपडे धरतात, मग बैठकीत कोणीतरी म्हणते, "खराबच झालंय सगळं, टाइल्स लावून टाकू, पुसायला सोपं." सगळे माना डोलावतात. माझे म्हणणे असे की हा जीर्णोद्धार नाही, विस्मरण आहे. आणि ते टाळणे पैशापेक्षा लक्ष देण्यावर अवलंबून आहे.

आधी हे समजून घेऊ की चित्राला खाते कोण. जुन्या भिंतीचा गिलावा माती, चुना, भाताचा तूस, तंतू यांचा असतो. रंग डिंकात किंवा सरसात कालवलेले असतात. म्हणजे सूक्ष्मजीवांसाठी ते वाढलेले ताटच आहे, फक्त त्यांना पाणी हवे. हवेतला दमटपणा बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीचे बीज रुजते. तिचे तंतू रंगाच्या थराखाली शिरतात आणि पोपडा उचलतात. ती जी आम्ले सोडते ती चुन्याला विरघळवतात. काही सूक्ष्मजीव स्वतःचाच हिरवा, काळा, गुलाबी रंग भिंतीवर सोडतात. हिरवे शेवाळ उजेडावर जगते, म्हणून ओल्या भिंतीवर रात्रंदिवस दिवा सोडला तर त्याचीही सोय होते. आमच्या किनाऱ्यावर त्यात लोणा येतो. खार ओलीबरोबर पृष्ठभागावर येऊन सुकतो, पुन्हा भिजतो, पुन्हा सुकतो आणि प्रत्येक वेळी गिलावा थोडा थोडा भुरभुरतो.

आपल्या महाराष्ट्रात याची मोठी शाळाच आहे. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकाच्या लेण्या आपल्या आहेत. ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत वरच्या मजल्यावर छताकडे पाहिले तर हजारएक वर्षांपूर्वीच्या रंगांचे अवशेष अजून दिसतात. पाहणारे मूर्तींना नमस्कार करून निघतात, मान वर करत नाहीत. पुढच्या वेळी जरूर करा. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यातले माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी दाखवून दिले की वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, आणि तिथे किड्यांनी चित्रे बरीच खाल्ली आहेत. गिलावा घालणाऱ्या त्या कारागिरांना दमटपणा आणि कीड यांचा अंदाज आपल्यापेक्षा चांगला होता.

अजिंठ्याची दुसरी गोष्ट तर प्रत्येक मंदिर समितीने ऐकावी अशी आहे. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन जाणकारांना बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी मेहनतीने बसवला, पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले. तेव्हा चित्रे झळाळली. पुढे तेच रोगण पिवळे पडले, त्याखाली धूळ-काजळी अडकली, आणि ते काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षे करावे लागले. चकचकीत करण्याची घाई महागात पडते.

फ्रान्समधल्या लास्को गुहेत हजारो वर्षांपूर्वीची चित्रे १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. माणसांचे श्वास, ऊब आणि दिव्यांमुळे भिंतीवर हिरवे शेवाळ चढले होते. २००१ मध्ये पांढरी बुरशी पसरली, औषधे मारली, ती आटोक्यात आली, तर काही वर्षांत काळे डाग दिसू लागले. एक जीव मारला की त्याच्या जागी दुसरा आला.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे हिशेब करून पाहिला. बसलेला माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोनशे जण दोन तास विधानाला बसले की वीस लिटर. म्हणजे मोठी बादलीभर पाणी त्या बंद सभामंडपात आपण न दिसता ओतले. त्यात अभिषेकाचे पाणी, ओली सोवळी, समईची काजळी. मग खिडक्या बंद करून एसी लावायचा आणि म्हणायचे, भिंतीला काय झाले!

आता खरा प्रश्न. बुरशीसुद्धा जीवच. आपण शेवाळ-बुरशीला अनंतकाय मानतो, ओल्या गवतावर पाय ठेवताना दचकतो. मग चित्र वाचवण्यासाठी भिंतीवर औषध मारायचे का? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. श्रावकाची हिंसा आपल्याकडे संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी अशी सांगितली आहे, आणि मंदिर झाडण्या-सारवण्यातही आरंभी हिंसा होतेच. पण माझ्या मते उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आपण पाणी गाळतो आणि दोन घडींनंतर, म्हणजे ४८ मिनिटांनी, पुन्हा गाळतो. ओले फडके बोळा करून ठेवत नाही. का? जीव मारावे लागू नयेत म्हणून आधी ते उपजूच द्यायचे नाहीत. यालाच आपण यतना म्हणतो. चित्रे जपणारे तज्ज्ञही आज हेच सांगतात: औषध शेवटी, आधी ओल थांबवा. गळके छप्पर वर्षभर तसेच ठेवायचे, भिंतीवर अनंत जीव उपजू द्यायचे आणि दिवाळीपूर्वी फिनेल मारून सगळे संपवायचे, ही दुहेरी हिंसा आहे. तिचे मूळ प्रमादात आहे.

आणि सगळे सूक्ष्मजीव चित्रांचे शत्रू नाहीत बरं! इटलीत पिसा शहरात १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळलेली भित्तिचित्रे कापडावर चिकटवून काढली होती. तो सरस पुढे इतका कडक झाला की कशानेच निघेना. शेवटी एका निरुपद्रवी जिवाणूला तो सरस खायला दिला, त्याने काही तासांत तो खाल्ला आणि चित्र मोकळे झाले. जीवाला वैरी समजण्याआधी त्याचा स्वभाव समजून घ्यावा, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

मग अडते कुठे? दानात. नव्या दरवाजासाठी, संगमरवरी फरशीसाठी दान मिळते, कारण तिथे नावाची पाटी लागते. पन्हळ साफ करायला, फुटलेले कौल बदलायला कोण पाटी लावणार? कोणत्याही दुकानाच्या खात्यात घसारा दरवर्षी मांडतात. मंदिराच्या जमाखर्चात देखभालीची ओळच नसते, आणि मग पंचवीस वर्षांची थकबाकी एकदम "जीर्णोद्धार" नावाने खर्ची पडते. त्यात चित्रे जातात. आमच्याकडे साधे घरसुद्धा मृगाआधी शाकारतात. मंदिराला तेवढे तरी मिळावे.

समितीत आपण बायका कमी असतो, पण मंदिरात रोज जाणाऱ्या आपणच जास्त. म्हणून काही गोष्टी आपल्या हातातल्या:

चित्रावर ओले फडके कधीही फिरवू नका, हातही लावू नका. पोपडा धरलेला रंग फडक्याबरोबर निघून येतो.

समई, धूप भिंतीपासून लांब ठेवा. अभिषेकाचे पाणी लगेच काढा, ओली वस्त्रे भिंतीशी वाळत घालू नका.

कोरड्या दिवशी खिडक्या उघडा, झडीच्या दिवशी बंद ठेवा. दमटपणा मोजायचे छोटे यंत्र फार महाग नसते. एक आणून रोजचा आकडा वहीत लिहा.

दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर त्याच जागेवरून भिंतीचे फोटो काढा. ओल कुठून कुठे सरकली ते समितीला दाखवता येते.

चुन्याच्या भिंतीवर सिमेंट किंवा ऑइलपेंट लावू देऊ नका. चुना श्वास घेतो, सिमेंट त्याचे तोंड दाबते आणि ओल आतच राहून चित्राच्या बाजूने फुटते.

चित्राला हात लावायचाच असेल तर रंगाऱ्याला नव्हे, संवर्धकाला विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. एक पत्र लिहायला काय जाते?

येत्या चातुर्मासात दान बोलाल तेव्हा त्यातला एक भाग "छप्पर आणि पन्हळीसाठी" म्हणून बोला, आणि वर्षअखेरीस तो तिथेच खर्च झाला का, हेही विचारा. तुमच्या गावच्या मंदिरात अशी चित्रे असतील तर कोणत्या भिंतीवर काय आहे ते घरातल्या मोठ्यांना विचारून आत्ताच लिहून ठेवा. टाइल्सचा ठराव आला तर बैठकीत वाचून दाखवायला आपल्या हाती काहीतरी असायला हवे.

जय जिनेंद्र.