पाकिटावरचे नाव

पुनावळ्यात आज एकाच इमारतीत हिंजवडीच्या आयटी कंपनीत जाणारा मुलगा, चाकणच्या कारखान्यात पाळी करणारा मामू आणि गावाहून राहायला आलेली नानी असे सगळे भेटतात. मुलाच्या तोंडी दिवसभर सर्व्हर, प्रोटोकॉल, एन्क्रिप्शन. फोन नानीच्याही हातात आहे, पण हे शब्द तिला कोणी समजावलेले नाहीत. फसवणारा नेमका इथेच हात घालतो. म्हणून या महिन्यात चार शब्दांची ओळख करून घेऊ.

पहिला शब्द प्रोटोकॉल. आपल्या मंत्रालयात याला 'राजशिष्टाचार' म्हणतात. आधी काय, नंतर काय, याचे ठरलेले नियम. संगणकांचेही तसेच असते. ई-मेल पोचवण्याचा एसएमटीपी हा प्रोटोकॉल जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढला. त्यात एक संगणक दुसऱ्याच्या दारी जाऊन आधी 'हेलो' म्हणतो, पत्र कोणाकडून व कोणासाठी ते सांगतो, मजकूर देतो आणि निरोप घेतो. घरी आलेला पाहुणाही सलाम, ओळख, काम आणि खुदा हाफिज याच क्रमाने वागतो. फरक इतकाच की, या जुन्या नियमांत पाहुण्याने सांगितलेले नाव खरे आहे का, हे विचारण्याची सोय नव्हती. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या आल्या. पहिली पत्र नेमलेल्या संगणकावरूनच आले का ते पाहते, दुसरी मोहोर तपासते, तिसरी या दोन्ही जुळल्या नाहीत तर पत्राचे काय करायचे ते सांगते. तरीही पडद्यावर ठळक दिसणारे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. त्यामागचा पूर्ण पत्ता उघडून पाहायचा.

दुसरा शब्द हेडर. बँकेचा एसएमएस दहा आकडी नंबरवरून येत नाही, नोंदवलेल्या अक्षरी नावाने येतो. दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार त्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. 'खाते बंद होईल' असा दम देणारा संदेश साध्या मोबाइल नंबरवरून आला असेल, तर त्यातल्या लिंकला हात लावायचा नाही. आणखी एक गोष्ट. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची ७०च. मराठी संदेशाचे लवकर तुकडे होतात. बँकेचे बहुतेक संदेश तर इंग्रजीतच येतात. तेव्हा घरातल्या मोठ्यांना ते वाचून दाखवणे हे मुलांचे काम आहे.

तिसरा शब्द एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन. व्हॉट्सअॅपने २०१६ साली हे सर्वांना लागू केले. पाठवणारा आणि घेणारा सोडून मजकूर मधल्या कोणालाच वाचता येत नाही, असे हे कुलूप. पण कुलूपबंद पेटी पाठवणारा प्रामाणिकच असेल, असे नाही. 'संदेश सुरक्षित आहे' आणि 'संदेश खरा आहे' या दोन वेगळ्या गोष्टी. घरोघरी गल्लत होते ती इथेच.

चौथा शब्द ओटीपी, एकदाच चालणारी किल्ली. किल्ली मागायला येणारा पाहुणा नसतो. बँकेचा माणूस, पोलीस, कुरिअरवाला, कोणीही मागो, सांगायची नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० हा क्रमांक लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

'विपत्र' म्हणा की ई-मेल, 'संकेत' म्हणा की प्रोटोकॉल, शब्दावर वाद नको. अर्थ स्वयंपाकघरापर्यंत पोचला पाहिजे. येत्या रविवारी घरातल्या आयटीवाल्याने नानीजवळ दहा मिनिटे बसावे आणि तिच्याच फोनमधले एक खरे आणि एक खोटे हेडर तिला दाखवावे.