काटा हलत नाही, म्हणून कुणाला दोष द्यायचा?

वजन कमी करू पाहणाऱ्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात : ‘किती उतरलं?’ तीन महिन्यांनी ‘दोन किलो’ असं उत्तर आलं, की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि मागोमाग निदान येतं : मनापासून करत नाहीस, जिभेवर ताबा नाही. हे निदान चुकीचं आहे. ते ऐकून माणसं चांगला चाललेला प्रयत्न अर्ध्यावर टाकतात, म्हणून ते घातकही आहे.

त्यामागचं गणित आधी पाहू. १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी एक पौंड वजन म्हणजे साडेतीन हजार कॅलरी, असा हिशेब मांडला. त्यावरून रोज पाचशे कॅलरी कमी खाल्ल्या की दर आठवड्याला जवळपास अर्धा किलो घटलंच पाहिजे, असं सर्रास धरलं गेलं. शरीर इतकं सरळ चालत नाही. वजन घटतं तसा शरीराचा खर्चही घटतो आणि भूक मात्र वाढते. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे बदलतं गणित मांडलं : आहारात कायमचा बदल केला, तर त्यातून होणाऱ्या एकूण घटीपैकी निम्मी व्हायला साधारण वर्ष लागतं आणि जवळजवळ सगळी व्हायला तीन वर्षं. मग तिसऱ्या महिन्यात निकाल कसला मागता? पहिल्या पंधरवड्यात झरझर उतरलेल्या वजनातही पाण्याचा मोठा वाटा असतो. तो ओसरला की घट मंदावते, आणि लोक म्हणतात काटा अडकला.

मात्र हळू जाणाऱ्यांचं एक आवडतं समाधानही मला मान्य नाही. ‘सावकाश घटलेलं टिकतं, झटपट घटलेलं परत येतं,’ असं ते सांगतात. मेलबर्नमध्ये दोनशे जणांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी बारा आठवड्यांत वजन घटवलं, काहींनी छत्तीस आठवड्यांत. पुढच्या पावणेतीन वर्षांत दोन्ही गटांत घटलेल्या वजनापैकी सुमारे सत्तर टक्के परत आलं. खोट्या दिलाशावर उमेद फार दिवस तगत नाही. तेव्हा संथपणाचं कौतुकही नको.

मग धीर कशाच्या बळावर धरायचा? फायदा काट्यावर ठळक दिसण्याआधीच शरीरात पोचलेला असतो, या बळावर. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. आहार बदलून आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम ज्यांना दिला, त्यांचं सरासरी वजन होतं ९४ किलो आणि ते घटलं सरासरी ५.६ किलो. आपल्याकडे कुणी त्याची दखलही घेतली नसती. पण नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी घटलं. ही माणसं बारीक झाली नव्हती, तरीही!

आपल्याला तर काट्यावर विसंबून राहणं अधिकच महागात पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचीच ही तुलना ‘लॅन्सेट’मध्ये छापली. तेव्हा शिंप्याची टेप घेऊन कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत यायला हवी. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब, जिना चढताना लागणारी धाप हेही पाहा. काटा ढिम्म असतानाही यांपैकी काहीतरी सुधारलेलं सापडू शकतं.

दीक्षितांचं दोनदा जेवण की दिवेकरांचं थोड्याथोड्या वेळाने खाणं, या दोन आहारपद्धतींवरून आपण घराघरांत तावातावाने भांडलो. त्याहून मोठा प्रश्न मला वेगळा वाटतो : तीन वर्षं चालवायची गोष्ट माणूस एकट्याने कशी चालवणार? विशेषतः घरातली बाई. फिरायला जायच्या वेळी तिला डबे भरायचे असतात. रात्री सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते आणि ‘टाकायचं कसं’ म्हणून पातेल्यातला उरलेला भात आपल्या ताटात घेते. हळदीकुंकवाला, बारशाला ‘एकाने काय होतंय’ म्हणत पुढे केलेला लाडू नाकारला तर तीच आढ्यताखोर ठरते. या सगळ्याला तिच्या इच्छाशक्तीचा अभाव म्हणणं अन्याय्य आहे. तिची इच्छाशक्ती दिवसभर घरासाठीच खर्ची पडते.

तिला प्रेरणेची भाषणं नकोत. सकाळचे डबे दुसऱ्या कुणी भरावेत, उरलेला भात फ्रिजमध्ये जावा आणि उद्या फोडणी घालून सगळ्यांनी खावा. रोजचं वरण-भाजी-भाकरीचं जेवण तिच्यापुरतं वेगळं न शिजता घराचंच व्हावं. आणि ही व्यवस्था महिनाभराची हौस म्हणून न करता तीन वर्षांसाठी करावी.