भाड्याची झोपडी

शहरी माणसाला निसर्गाची ओढ वाटते, यात आक्षेपार्ह काहीच नाही. आक्षेप आहे तो या ओढीने अलीकडे धारण केलेल्या एका रूपाला. सह्याद्रीच्या उतारांवर, धरणांच्या काठांवर आणि जव्हार-डहाणूच्या पट्ट्यात 'रस्टिक' म्हणवणाऱ्या झोपड्या भाड्याने मिळतात. बाहेरून कारवीचा कूड, वर गवताचे छप्पर. आत वातानुकूलन, गुबगुबीत गादी आणि चकचकीत न्हाणीघर. 'ग्लॅमर' आणि 'कॅम्पिंग' यांच्या संकरातून जन्मलेल्या 'ग्लॅम्पिंग' या शब्दाला २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात जागाही मिळाली. 'झोपडी' या आपल्या शब्दाचे मात्र या व्यवहारात काय होते, हे साहित्याच्या अभ्यासकांनी तपासायला हवे.

झोपडीचा एक अर्थ सरकारी दप्तरात नोंदलेला आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत ग्रामीण कुटुंबांच्या वंचिततेचे जे निकष ठरले, त्यांतला एक असा: कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेल्या एकाच खोलीत राहणारे कुटुंब. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांसाठी लाभार्थी निवडताना २०१६ पासून याच गणनेचा आधार घेतला गेला. म्हणजे तीच एक खोली, तोच कूड, तेच गवत. डोंगराच्या एका अंगाला वंचिततेचा पुरावा आणि दुसऱ्या अंगाला चैनीची वस्तू! दोहोंत फरक आहे तो परतीच्या वाटेचा. पाहुण्याला रविवारी दुपारी निघता येते. तो जे भाडे मोजतो ते खरे तर या खात्रीचे असते, की आपल्याला इथे कायमचे राहावे लागणार नाही.

ही हौस आजची नाही. व्हर्सायच्या राजवाड्याच्या परिसरात १७८३ पासून राणी मारी आंत्वानेतसाठी एक लुटुपुटूचे खेडे उभारण्यात आले. घरे नवी असूनही ती जुनी दिसावीत, म्हणून भिंतींवर मुद्दाम भेगा रंगवल्या गेल्या. खऱ्या खेड्यातला माणूस भिंतीची भेग बुजवतो. राणीचा रंगारी ती काढून देतो. आजच्या रिसॉर्टमध्ये सिमेंटच्या भिंतीवर कारवी चिकटवली जाते तेव्हा याच रंगाऱ्याचा वारसा चालवला जातो.

यात पहिला बळी जातो श्रमाचा. कूड एकदा बांधून सुटका होत नाही. कारवीच्या काठ्या आणायच्या, त्यांवर शेणमातीचा लेप द्यायचा, जमीन पुन्हा पुन्हा सारवायची, पावसाळ्याआधी छप्पर शाकारायचे. हे वर्षानुवर्षांचे काम, आणि सारवण-लिंपणाचा बराचसा भार बायकांच्या हातांवर. आपल्या भाषेतले आढे, वासे, वळचण हे शब्द अशा घरांतून आले. घर फिरले की वासेही फिरतात, हे ज्यांनी म्हटले त्यांनी वासे स्वतः चढवले होते. भाड्याच्या झोपडीत हे सारे 'वातावरण' या एका गुळगुळीत शब्दात विरघळते. वारली लग्नातला चौकही असाच. सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढायचा तो विधी. इथे तो पलंगाच्या उशाशी शोभेला लावला जातो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे झोपडीवरचे भजन आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या झोपडीचे वैभव कशात आहे? दाराशी पहारा नाही आणि यायला कोणाला भीती नाही, यात. आजच्या या झोपड्यांना मात्र कुंपण आहे, फाटक आहे, रखवालदार आहे. शेजारच्या पाड्यावरचा माणूस गणवेश चढवल्यावाचून तिथे शिरू शकत नाही. महालाचे सारे गुण अंगी बाणवून झोपडीचे केवळ नाव लावायचे, याला साधेपणा म्हणत नाहीत.

यावर ठरलेले उत्तर येते: स्थानिकांना रोजगार मिळतो. मिळतो, हे मान्य. पण याच तलासरी-डहाणूच्या भागात १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्या लढ्यावरचे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. पगारी नोकरी म्हणजे वेठ नव्हे. तिची तुलना वेठीशी करणे हा त्या लढ्याचाच अपमान ठरेल. तरीही श्रम कोणाचे आणि फळ कोणाचे, हा त्या उठावाचा प्रश्न या फाटकापाशी जिवंत आहे. घराची रीत ज्यांची, ते त्या घराचे मालक नसून झाडूवाले आणि वाढपी असतील, तर रोजगाराचा हिशेब अपुरा आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. शेतकरी कुटुंब स्वतःच यजमान असेल, पाहुणा त्यांच्या ओट्यावर बसेल आणि पैसा त्यांच्या हाती पडेल, असा मार्ग त्यातून खुला आहे. तिथे कदाचित स्लॅबचे घर मिळेल. मिळू द्या! आदिवासी कुटुंबाने पक्के घर बांधले म्हणून 'अस्सलपणा गेला' असा गळा काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपण वर्गात निसर्गकविता शिकवतो, विद्यार्थ्यांकडून ग्रामीण साहित्याची रसग्रहणे लिहून घेतो. त्या रसग्रहणांतली 'साधी, सुंदर, निसर्गरम्य झोपडी' आणि रिसॉर्टच्या जाहिरातीतली झोपडी शब्दशः सारखीच असते. ही जाहिरात आपल्याच वर्गांतून शिकून गेलेल्या कोणीतरी लिहिलेली असते. म्हणून पुढच्या वेळी उत्तरपत्रिकेत ती झोपडी आली, की समासात एवढे विचारावे: हिचे छप्पर यंदा कोणी शाकारले?