देवाचे गाणे आणि खपाची यादी

धार्मिक गीत पॉप संगीताच्या खपाच्या यादीत वर चढले की दोन मते हटकून मांडली जातात. बाजारात उतरलेले गाणे देवाचे उरत नाही, हे एक. गाण्याचा खप हा लोकांच्या वाढत्या श्रद्धेचा पुरावा आहे, हे दुसरे. दोन्ही मते टिकणारी नाहीत.

पहिल्या मताची परीक्षा ‘ओ हॅपी डे’वर घेता येते. फिलिप डॉड्रिज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या अठराव्या शतकातील स्तोत्राला एडविन हॉकिन्स यांनी १९६०च्या दशकात नवा साज चढवला. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका चर्चमध्ये तरुणांच्या गायकवृंदाने ते साध्या सामग्रीवर ध्वनिमुद्रित केले. तबकडी विकून प्रवासखर्च उभा करावा, एवढाच हेतू होता. पुढे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रेडिओने ते उचलले आणि १९६९ मध्ये ते अमेरिकेत चौथ्या, तर ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. यात बाजाराने घडवले काय? सुरुवातीला पियानो आणि हलका ताल, मग डोरोथी मॉरिसन यांचा जवळजवळ बोलल्यासारखा खालचा स्वर. त्या शब्द सोडतात, वृंद तेच शब्द झेलून परत देतो. हळूहळू आवाज चढत जातो, टाळ्या येतात आणि एकटीचे गाणे सगळ्यांचे होते. भजनात बुवांनी चरण सोडावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा, तशीच ही रीत. ती चर्चमध्ये घडली होती; तबकडीच्या कंपनीने ती फक्त दूरवर नेली. अनोळखी श्रोत्यालाही तोंड उघडून सामील व्हावेसे वाटते, ते या घडणीमुळेच.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी गॉस्पेलचा, म्हणजे चर्चमधील या भक्तिसंगीताचा, इतिहासही पाहावा. या संगीताचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज हे लौकिक संगीत वाजवत. ब्लूजचा रंग असलेली त्यांची भक्तिगीते १९३०च्या सुमारास शिकागोतील अनेक प्रतिष्ठित चर्चनी नाकारली होती. आज तीच गीते परंपरेचा ठेवा मानली जातात. बाजाराचा वारा न लागलेले गॉस्पेल कधी नव्हतेच.

दुसरे मत त्याहून लवकर कोसळते. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘स्पिरिट इन द स्काय’ येशूचे नाव घेते; ते लिहिणारे नॉर्मन ग्रीनबॉम ज्यू होते आणि टीव्हीवर गॉस्पेल गाणारा गायक पाहून त्यांना ते सुचले. त्याच काळात ब्रिटनमधील चर्चची उपस्थिती घटत होती. तबकडी विकत घेणे म्हणजे दीक्षा घेणे नव्हे.

मग या यशाचे मोल कशात? जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये ते दिसते. ‘ओ हॅपी डे’चे ऋण त्यांनी स्वतः मान्य केले होते. त्यांच्या गाण्यात वृंद आधी ‘हालेलुया’ म्हणतो आणि ऐकणारा त्यात रमला की ‘हरे कृष्ण’कडे वळतो. दोन धर्मांची नामस्मरणे एका चालीत बसवलेले हे गाणे १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपले. एखाद्या पंथाच्या चार भिंतींत एवढे धाडस क्वचितच खपले असते.

खरा आक्षेप पैशाच्या हिशेबावर घ्यायला हवा, आणि तो गंभीर आहे. बेल्जियमच्या जोगीण जनीन डेकर्स यांचे ‘डॉमिनिक’ डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या डेकर्स यांच्या हाती त्या कमाईतले जवळपास काही लागले नाही. ती कमाई तबकडीच्या कंपनीकडे आणि मठाकडे गेली. मठ सोडल्यावर मात्र सरकारने कराची मोठी मागणी त्यांच्याकडेच केली. कर्जात बुडालेल्या डेकर्स यांनी १९८५ मध्ये आत्महत्या केली. धार्मिक गीताच्या यशावर टीका करायचीच असेल, तर ती यादीतल्या क्रमांकावर नव्हे, अशा करारांवर व्हावी.