ए. सी. किती टनाचा घ्यावा?



या सदरात आपण बियाणे, खते, दूध आणि जनावरे यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. पण हल्ली मे महिन्यात गावात गेलो, की पिकाच्या आधी एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, ए. सी. घेतलाय, पण खोली गार होईना. टन कमी पडला का?" पूर्वी ही शहरी चैन समजली जाई. आता स्लॅबखाली म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे रात्रभर तळमळतात, तेव्हा तिला चैन म्हणवत नाही. मात्र सोयाबीनच्या पट्टीतले तीस-पस्तीस हजार रुपये घालायचे, तर हिशेब नीट झाला पाहिजे.

गेल्या मे महिन्यात लोहारा तालुक्यातील एका गावी गेलो होतो. तिथल्या एका शेतकऱ्याला आपण तात्या म्हणू. त्यांच्या आईचे वय ऐंशीच्या घरात, त्यात रक्तदाबाचा त्रास. आदल्या उन्हाळ्यात त्यांना दोनदा भोवळ आली, म्हणून तात्यांनी १ टनाचा ए. सी. बसवला. खोली १२ फूट बाय १४ फूट, वर थेट स्लॅब, एक भिंत पश्चिमेला. ए. सी. १६ अंशांवर लावलेला, दिवसभर चालू, आणि खोलीत मात्र नुसता उबारा. "दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला. उसनवारी करतो आणि २ टनाचा आणतो," असे तात्या म्हणत होते.

मी म्हटले, "थांबा. आधी यंत्र तपासू, मग घर तपासू."

त्यांच्या कोंबड्यांच्या शेडमधले थर्मामीटर मागवले. यंत्र जिथून हवा आत ओढते तिथे ३१ अंश भरले. जिथून गार हवा बाहेर पडते तिथे १९. म्हणजे फरक १२ अंशांचा. हा फरक साधारण ८ ते १२ अंश असला, की यंत्र आपले काम करते आहे असे समजावे. फरक कमी भरला तर आधी जाळी धुवावी, व्होल्टेज पाहावे, मग गॅस तपासून घ्यावा. तात्यांचे यंत्र चांगले होते. दोष दुसरीकडे होता.

आता टन म्हणजे काय ते पाहू. हे यंत्राचे वजन नव्हे. पूर्वी बर्फाने गारवा करीत, त्यावरून हे माप आले. अमेरिकी मापाचा एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता १ टनाचे यंत्र खोलीतून बाहेर काढते. आजच्या मापात हे सुमारे ३,५०० वॅट होतात. ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती काहीशी घटते.

तात्यांच्या खोलीचा दुपारचा ढोबळ हिशेब मी वहीत मांडला. तापलेल्या स्लॅबमधून सुमारे १,५०० वॅट. पश्चिमेची भिंत आणि खिडकी मिळून ८००. ए. सी. आल्यापासून घरची पाचही माणसे दुपारी तिथेच, माणशी सुमारे १०० वॅट, म्हणजे ५००. पंखा, टीव्ही, दिवा यांचे १५०. दाराखालच्या फटीतून आणि उघडझापीतून ५००. बेरीज ३,४५०. यंत्राची सगळी ताकद इथेच संपली. मग खोली गार कशाने होणार? आणि १६ वर लावल्याने यंत्राचा टन वाढत नाही, ते फक्त थांबायचे विसरते.

तात्यांनी हिशेब पाहिला आणि म्हणाले, "आमच्या जुन्या माळवदात कधी पंखासुद्धा नव्हता, साहेब." खरे आहे. जाड दगडी भिंती, वर लाकूड आणि हात-दीड हात मातीचा थर. दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होई. पण तीच माती आणि तेच दगड ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आपल्या माणसांवर कोसळले. किल्लारी आणि सास्तूर परिसरात हजारो जीव गेले. त्यानंतर लोकांनी स्लॅब आणि पत्रा जवळ केला. भीती गेली, पण ऊन घरात आले. बोलता बोलता स्लॅबवर मातीचा थर देण्याचा विषय निघाला, तेव्हा तात्यांच्या आई पहिल्यांदाच बोलल्या, "डोक्यावर माती नको रे बाबा." मीही आग्रह धरला नाही. ज्या स्लॅबची ताकद ठाऊक नाही, त्यावर ओझे टाकूच नये.

मग वजन न वाढवता उपाय केले. स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले. त्यावर दीड-दोन फूट उंचीवर शेडनेट ताणले आणि वळवाच्या वाऱ्यात उडू नये म्हणून पक्के बांधले. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या लावल्या. दाराखाली रबरी पट्टी बसवली. बाहेरच्या डब्यावर सावली केली, पण त्याची हवा कोंडू दिली नाही. माझ्या अंदाजाने बेरीज २,००० वॅटच्या आसपास आली. पंधरा दिवसांनी भरदुपारी तीन वाजता गेलो. यंत्र २६ वर, खोली २७ वर, आणि आई म्हणत होत्या, "बंद कर रं ते, हुडहुडी भरली." २ टनाची उसनवारी टळली.

कोणी म्हणेल, मोठाच घेतला तर बिघडले काय? विहिरीला पाणी किती, झरा किती, हे न पाहता मोठी मोटर बसवली तर काय होते? घटकेत विहीर उपसते आणि मोटर बंद करावी लागते. मोठ्या टनाचे साधे यंत्र तसेच चालते. पाच-दहा मिनिटांत बंद, पुन्हा चालू. वीज जादा जाते, यंत्र लवकर झिजते आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा निघत नाही, खोली गार पण दमट राहते. इन्व्हर्टर यंत्र आपली गती कमी करते, म्हणून ते न थांबता सावकाश चालत राहिले तर तो दोष मानू नये.

नवीन घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. वर थेट स्लॅब असेल तर सुमारे १०० चौरस फुटांपर्यंत १ टन, १५० पर्यंत दीड टन, २०० पर्यंत २ टन असे ढोबळमानाने धरावे. वर दुसरा मजला असेल किंवा स्लॅबला सावली असेल तर कमी चालतो. पत्र्याच्या खोलीला आधी खालून छत करावे.

२. यंत्र २४ ते २६ वर ठेवून पंखा हळू लावावा. एक अंश वाढवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते.

३. मीटरपासून स्वतंत्र वायर, योग्य एम. सी. बी. आणि पक्के अर्थिंग हवेच. मंजूर भार पुरतो का ते महावितरणकडे विचारावे. शेतीपंपाच्या लाइनवर ए. सी. कदापि जोडू नये.

४. आपला उन्हाळा कोरडा आहे. पाण्याची अडचण नसेल तर खिडकी उघडी ठेवून कूलरही उत्तम काम देतो. मात्र कूलर आणि ए. सी. एकाच खोलीत एकत्र चालवू नयेत.

थोडक्यात, आधी घराचे ऊन तोडा आणि मग टन मोजा. चुना आणि शेडनेट यांचा खर्च मोठ्या यंत्राच्या मानाने थोडा आहे, आणि वीज गेली तरी त्यांची सावली जात नाही.

असो. पुढील अंकी सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासावी ते पाहू. तोवर दुपारी उन्हात काम टाळा आणि घरच्या वडीलधाऱ्यांना पाणी विचारत राहा.